पहिला पाय घरचा

माणूस विहिरीत असताना यारीवाल्या अण्णांशी कोणी बोललं, तर अण्णा सरळ शिवी हासडत. समोर सरपंच आहे की शेताचा मालक, हे बघायलाही ते मान वळवत नसत. आमच्या विहिरीचं काम त्यांनी धरलं त्या पहिल्याच दिवशी मी मोठ्या कौतुकाने चहा घेऊन गेले आणि "अण्णा, चहा घेताय ना?" एवढंच म्हणाले. त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही. सोनईच्या शाळेत मी बावीस वर्षं विज्ञान शिकवते; माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. कप तिथेच आदळला आणि तरातरा घरी आले. अर्ध्या तासाने, खालचा माणूस वर आल्यावर, अण्णा रिकामा कप घेऊन आमच्या ओट्यापाशी उभे. "च्या गार झाल्ता, पन ग्वाड हुता," म्हणाले. माफीबिफी काही नाही.

यारी म्हणजे विहीर खोदताना काठावर उभी करतात ती क्रेन. लोखंडी दांडा, तारेचा दोर, दोराला बकेट आणि हे सगळं चालवणारं धडधडतं डिझेल मशीन. बकेटमधून दगड वर येतो आणि माणूस खाली जातो. अण्णांनी चाळीस वर्षं हेच केलं. घोडेगावपासून सोनईपर्यंत अशी वस्ती नसेल जिथल्या विहिरीच्या काठावर हा बुटका, काळा, उपरणं घट्ट गुंडाळलेला माणूस तास न् तास उभा राहिला नाही. उभाच. मशीनपाशी बसायला पत्र्याची खुर्ची होती, तिच्यावर त्यांचा डबा बसायचा.

त्यांचे रिवाज ठरलेले. रोज सकाळी आधी पेटता कंदील दोरीने तळापर्यंत सोडायचा. तो विझला तर खाली हवा वाईट. त्या दिवशी उतरायचं नाही. कंदील पेटता वर आला, की मग माणूस. आणि रोजचा पहिला माणूस अण्णांच्या घरचाच. मजूर चार असोत की दहा, "पयला पाय आमच्या घरचा. दुसऱ्याचं लेकरू मागनं," हा त्यांचा शब्द. तरुणपणी ते स्वतः उतरत, आता त्यांचा मुलगा बाळू. बाळू बत्तीस वर्षांचा, एका मुलीचा बाप, तरी त्याच्या काखेखालून अण्णा वेगळी दोरी बांधत. बाळू वैतागायचा. "अन्ना, बकेट हाय की. काय बैलागत बांदताय?" अण्णा गाठ आणखी आवळत. मग खाली गेलेल्याला ते वरून दर थोड्या वेळाने हाक मारत, "हाय का?" खालून आवाज यायचा, "हाय!" दिवसभर हे चालायचं. आमच्या स्वयंपाकघरात ते ऐकू येई आणि दोन-चार दिवसांत मला त्याची इतकी सवय झाली की कुकरच्या शिट्ट्या मोजताना मधेच मीच 'हाय' म्हणायची.

मी विज्ञानकथा लिहिते. दिवाळी अंकात दरवर्षी एक-दोन येतात. आमच्या ह्यांना त्याचं कौतुक एवढंच, की पाहुण्यांना ते "हिचा एक पाय मंगळावर असतो" असं सांगतात. अण्णांनी मात्र अंक मागून नेला. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत ओळीवर बोट ठेवून त्यांनी माझी कथा वाचली. तिच्यात एक अंतराळवीर यानाबाहेर दुरुस्तीला जातो आणि त्याचा संपर्क तुटतो. मला वाटलं, म्हातारा म्हणेल, लई भारी. अण्णा म्हणाले, "ह्याला वर वढनारा कोन हाय?"

मी सांगितलं की पृथ्वीवर नियंत्रण कक्ष असतो, तिथे शंभर माणसं बसलेली असतात.

"शंभर?" अण्णांनी अंक परत दिला. "मंग कोनीच न्हाई. दोरीवर एकच मानूस लागतो, मॅडम. शंभर असले की परतेकाला वाटतं, दुसऱ्यानं धरलीय."

मी हसले. पण त्या वर्षीची पुढची कथा मी तीनदा फाडली, कारण दर वेळी त्यातलं यान सोडून मला काठावरचा माणूस दिसायचा. भारताचं यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी सगळी वस्ती आमच्या टीव्हीपुढे जमली होती. माझ्या हातातला चहा तसाच राहिलेला. हे तर देवापुढे दिवा लावून बसलेले. अण्णांनी आत डोकावून विचारलं, "मानूस न्हाई ना आत?" नाही म्हटल्यावर ते निवांत टेकले आणि म्हणाले, "मंग च्या गार कशाला करताय?" खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता. मला अवकाश म्हणजे स्वप्न होतं आणि ह्या माणसाला फक्त आत कोण आहे आणि तो परत कसा येणार, एवढीच पंचाईत.

मी त्यांच्यावर टिपणं काढू लागले. कंदिलावर तर पानभर लिहिलं. खाली खाली जाणारा तो पिवळा ठिपका मला फार आवडायचा. कंदील कशाला फसतो हे मला माहीत होतं. नववीच्या मुलांना दरवर्षी शिकवते मी: कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि माणूस मरेल एवढा असला तरी दिवा विझत नाही. एकदा वाटलंही, अण्णांना सांगावं. मग वाटलं, चाळीस वर्षं ज्याने माणसं वर काढली त्याला मी काय हवा शिकवू? शिवाय तो कंदील माझ्या पुढच्या कथेत इतका छान बसत होता! त्यात खोट काढावीशी वाटली नाही. हे लिहायला जड जातं, पण असंच होतं.

तो दिवस घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचा होता. विहिरीत पाणी साठलं होतं आणि पहाटेपासून वीज नव्हती. पाणी उपसलं नाही तर अख्खा दिवस फुकट. ह्यांनी जुनं डिझेल इंजिन काढलं. काठावरून ते एवढ्या खोलचं पाणी ओढेना, म्हणून शेजाऱ्याला घेऊन साखळीच्या कप्पीने इंजिन विहिरीतल्या कपारीवर उतरवलं आणि तासभर चालवलं. आपल्याकडे सगळेच करतात. पण अण्णांचा दंडक होता, माझ्या माघारी विहिरीत काही सोडायचं नाही. म्हणून अण्णा यायच्या आत इंजिन वर ओढून गोठ्यात ठेवलं. "बोलू नको काही," हे मला म्हणाले, "म्हातारा सकाळी सकाळी बोंबलेल."

मी बोलले नाही.

अण्णा आले. मशीन सुरू केलं, त्याचा धूर आणि वास काठावर नेहमीसारखाच पसरला, त्यात आधीचा वास कुणाला कळणार. कंदील सोडला. मी वही घेऊन काठाशी उभी होते. कंदील तळाला गेला, पेटता राहिला, पेटता वर आला. माझ्या मनात एकदा आलं, इंजिन. लगेच दुसरं आलं, बंद होऊन अर्धा तास झाला, धूर गेला असेल. विहिरीला खिडक्या नसतात हे कळायला विज्ञान शिकवावं लागत नाही. अण्णांनी बाळूला दोरी बांधली, बाळूने नेहमीचं तोंड वाकडं केलं, आणि बकेट खाली गेली.

"हाय का?"

"हाय!"

दोन-तीनदा नीट आवाज आला. चौथ्यांदा उशिरा आला. पाचव्यांदा बाळू म्हणाला, "डोकं... डोकं जड हाय." अण्णांनी एका हाताने मशीनचा दांडा धरला. "बाळू, बकेटीत बस. हाय का?" उत्तर नाही. "बाळू, हाय का?" नाही. मी वाकून पाहिलं. बाळू बकेटच्या बाहेर, गुडघ्यांवर, कपाळ दगडाला टेकवून बसला होता.

ह्यांनी चपला भिरकावल्या आणि काठावर पाय टाकला. खाली आमच्यामुळे माणूस पडला होता आणि तेवढं ह्यांना कळलं होतं. अण्णांनी दांडा न सोडता दुसऱ्या हाताने ह्यांची कॉलर धरली. "येकाचे दोन करू नगा!" त्यांचा स्वतःचा मुलगा खाली होता आणि हा माणूस आमच्या घरधन्याला अडवत होता. तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "अण्णा, इंजिन! पहाटे आत इंजिन चालवलंय! विषारी हवा आहे, कंदिलाला कळत नाही ती!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ह्यांना आणि मजुरांना बाळूच्या दोरीवर लावलं. "झटका देऊ नगा. कपारीला डोकं आपटंल. माझ्या हाकंवर वढा." आणि दर हाकेला हातभर, दर हाकेला हातभर. ओढायला घाई केली असती तर डोकं फुटलं असतं, उशीर केला असता तर श्वास थांबला असता. कपारीपाशी दोरी अडकली. मजूर हिसका देणार तोच अण्णा ओरडले, "सोडा! हातभर सोडा!" आलेला माणूस पुन्हा खाली सोडायचा? पण सोडला, दोरी झोल घेऊन सुटली, बाळू फिरला, आणि मग वर आला. चेहरा चांगला लालबुंद, तजेलदार दिसत होता. तो रंग रक्तात भिनलेल्या त्या वायूचा होता, हे मला माहीत होतं.

जीपमध्ये घातला. घोडेगावात बाजारामुळे रस्ता तुंबलेला, म्हशींनी भरलेले टेम्पो एकाला एक लागलेले. अण्णा उतरले आणि टेम्पोवाल्यांच्या काचांवर मुठी मारत पुढे धावले. वाट करून परत आले तेव्हा मुठीतून रक्त येत होतं. नगरपर्यंत ते बाळूच्या कानाशी एकच विचारत राहिले, "हाय का? बाळू, हाय का?" ह्यांनी गाडी कशी चालवली त्यांनाच ठाऊक. इमामपूरच्या घाटात बाळूचे ओठ हलले. शब्द फुटला नाही, पण अण्णा म्हणाले, "हाय. चला, हाय."

दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वाचला. ह्यांनी अण्णांचे पाय धरले, रडले. मी व्हरांड्यात अण्णांशेजारी बसले आणि सांगून टाकलं: इंजिन मी पाहिलं होतं, कंदील फसतो हे मला आधीपासून माहीत होतं, आणि बाळू उतरण्याआधी ते माझ्या मनात येऊन गेलं होतं.

अण्णांनी हाताची सुटलेली पट्टी आवळली. "मंग सांगायचं हुतं ना, बाई," म्हणाले. मॅडम नाही, बाई. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

दोन महिन्यांनी यारी पुन्हा उभी राहिली. मी पुण्याहून हवा तपासायचं यंत्र मागवून त्यांना दिलं. ते खाली गेलं की धोका असल्यास शिट्टी देतं. अण्णांनी ते कंदिलाच्याच दोरीला बांधलं. "दोगं जाऊ द्या. येकाला येकाची सोबत." विहिरीच्या मालकाला आता अण्णा काठावर उभं करून चारचौघांत विचारत, "इंजन उतरवलं हुतं का? लेकराची शपथ घ्या." आणि पहिला पाय पुन्हा स्वतःचा केला. पासष्टीचा माणूस, गुडघे धरलेले, रोज सकाळी बकेटमध्ये बसे आणि वरून बाळू हाक मारी. मी त्यांना एकदा म्हटलं, आता यंत्र आहे की, अण्णा. ते म्हणाले, "यंत्राला पोरगं न्हाई, मॅडम." मला पुन्हा मॅडम म्हणाले याचाच तेव्हा मला आनंद झाला.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास अण्णा गेले. घरी, खाटेवर, साध्या तापाने. तेराव्यानंतर बाळू आमच्याकडे आला. या दिवसांत तो रडला नाही म्हणून भावकीत कुजबुज होती. ओट्यावर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचे उपकार हायेत. अन्ना सगळ्यांला सांगायचे, मॅडम वरडल्या म्हनून माजा बाळू वाचला. ज्या ज्या इहिरीवर गेलो, तिथं सांगायचे."

मी त्याच्या हातातला कप खाली ठेवायला लावला आणि त्याला सगळं सांगितलं. वहीचं, कंदिलाचं, मनात आलं आणि गिळलं त्याचं. ह्यांनी आतून ऐकलं असणार, भांड्यांचा आवाज थांबला. बाळूने विचारलं, "अन्नांना म्हाईत हुतं हे?"

"हो. दवाखान्यातच सांगितलं होतं."

"आन् तरी म्हनायचे?"

"मला माहीत नव्हतं ते असं सांगतात म्हणून."

"तरी म्हनायचे," बाळू म्हणाला. "रोज म्हनायचे, मॅडम." आणि उपरण्यात तोंड घालून तो मोठ्याने रडायला लागला.