पंपावरची झिरोमावशी

"झिरो बघ, माय," असं म्हटल्याशिवाय झिरोमावशींनी कुणाच्या टाकीत पेट्रोलचा थेंब सोडला नाही. पंपावरची सगळीच माणसं ग्राहकाला झिरो बघायला सांगतात, पण त्यांचं सांगून होईपर्यंत आकडे पळायला लागलेले असतात. मावशी थांबायच्या. नळी टाकीत, बोटं खटक्यावर आणि डोळे माझ्या डोळ्यांवर. मी खरोखर मीटरकडे बघितलं याची खात्री झाली की मगच खटका दाबायच्या. मागून कुणी हॉर्न वाजवला तर मान न वळवता म्हणायच्या, "वाजव, वाजव. हॉर्नला पेट्रोल लागत नाही."

मला कुणी माझ्याकडे असं रोखून बघितलेलं आवडत नाही. सानपाड्याहून रबाळ्याला ऑफिसला जाताना मी आठवड्यातून एकदा त्या पंपावर थांबायचे, आणि सुरुवातीला मुद्दाम दुसऱ्या रांगेत उभी राहायचे. पण दुसऱ्या रांगेतला माणूस फोनवर बोलत पेट्रोल भरायचा. हळूहळू मी मावशींच्या रांगेत आले. त्या परभणीकडच्या. नवरा इथे इमारतींच्या कामावर आला, त्याच्यामागे त्या आल्या. साडीवर कंपनीचा पुरुषी मापाचा शर्ट घालायच्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खिशावरच्या पट्टीवर 'संतोष' असं लिहिलेलं. शर्ट आधी संतोषचा होता, तो सोडून गेला, पट्टी राहिली. त्यामुळे दोन वर्षांत मला मावशींचं खरं नाव कळलं नाही. विचारायचं राहून गेलं म्हणते, पण खरं म्हणजे मला विचारता आलं नाही.

आमच्याकडे एक समजूत आहे की दोनशेचं पेट्रोल मागितलं तर कमी मिळतं, दोनशे दहाचं मागितलं तर बरोबर मिळतं. गोल आकड्यात म्हणे मशीनमध्ये काहीतरी केलेलं असतं. माझे बाबा इंजिनिअर आहेत, तेही दोनशे दहाचं भरतात. मीही पहिल्या दिवशी दबक्या आवाजात "दोनशे दहा" म्हटलं. मावशी म्हणाल्या, "हे वरचे दहा कुणाला, मशीनला चहाला?" मी पर्समध्ये सुट्टे शोधायला लागले. त्या म्हणाल्या, "बटणाला काय कळतंय, आकडा गोल का लांब? तू झिरो बघ, म्हंजे झालं." त्यानंतर मी दोनशेचंच भरत आले. घरी मात्र सांगितलं नाही.

भाव वाढला की लोक मावशींना बोलायचे. पाटीवरचा आकडा जणू त्यांनीच पहाटे शिडी लावून बदलला होता. एक पार्सल पोचवणारा मुलगा रोज विचारायचा, "मावशी, परत वाढवला?" मावशी शांतपणे म्हणायच्या, "हो रे, झोप येत नव्हती." एका निवृत्त साहेबांनी जरा चढ्या आवाजात विचारलं, तेव्हा त्यांनी बोट वर केलं. साहेबांनी वर बघितलं. वर नुसतं पंपाचं पत्र्याचं छप्पर होतं. आणि अगदीच कुणी मागे लागलं तर त्यांचा एक ठरलेला प्रश्न असायचा: "कामून वाढला, ते मला कामून विचारायलात?"

एकदा मीच धीर केला. समोरच्या, दुसऱ्या कंपनीच्या पंपावर पाटीवर काही पैसे कमी दिसत होते. रस्ता एक, उपनगर एक, महापालिका एक. मी विचारलं, "मावशी, समोर कमी का आहे?"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू त्या याच दिवसाची वाट बघत होत्या. "मीच तुला विचारणार होते. तू शिकलेली आहेस, इंग्लिशमधून. फोनमध्ये बघून सांग मला नीट. लोक विचारतात, काहीतरी सांगायला पाहिजे ना मला."

मी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत वाचत बसले. कच्चं तेल, डॉलर, केंद्राचा कर, राज्याचा कर, पंपवाल्याचं कमिशन, टँकर किती लांबून येतो त्याचं भाडं. एकेक गोष्ट समजायची, पण सगळ्यांची मिळून बेरीज समजायची नाही. बाहेर तेल उतरलं तरी आपल्याकडची पाटी जागची हलत नाही, असं का, हे तर अजिबातच नाही. त्यात हे सगळं माझ्या डोक्यात इंग्लिशमध्ये. मावशींना सांगताना 'अबकारी' शब्दावर मी अडखळले आणि पुढे नुसते हातवारे केले.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे यात सगळ्यांचा हात आहे, फक्त माझा नाही."

"हो."

"मग शिव्या मलाच कामून?"

हे मी वाचलं नव्हतं.

मग तो रविवार आला. मीही रांगेत होते. पांढऱ्या गाडीतल्या एका गृहस्थांनी दोन हजारांचं पेट्रोल भरलं आणि काटा बघून म्हणाले की परवा पनवेलला एवढ्याच पैशांत काटा जास्त वर गेला होता. बोलता बोलता त्यांनी फोन काढला आणि व्हिडिओ घ्यायला लागले. "बघा, दिवसाढवळ्या लूट चाललीय. भाव जास्त आणि वर माप कमी."

मावशी म्हणाल्या, "साहेब, फोन बंद करा. पंपावर चालत नाही."

"ऐका, फोन बंद करा म्हणते," ते फोनला म्हणाले.

मावशी वाद न घालता आत गेल्या आणि पाच लिटरचं माप घेऊन आल्या. प्रत्येक पंपावर ते असतं आणि कुणीही ते मागू शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. धातूचं भांडं, अरुंद मान, मानेवर खुणेची रेघ. त्यांनी ते सपाट जागी ठेवलं, सगळ्यांना झिरो बघायला लावला आणि बरोबर पाच लिटर सोडलं. पेट्रोल रेघेला येऊन टेकलं. "झिरो पण बघा, पाच पण बघा," मावशी म्हणाल्या. तोपर्यंत त्या गृहस्थांनी फोन खिशात टाकला होता.

"माप असेल बरोबर," ते म्हणाले. "पण भावाचं काय? पनवेलला कमी का?"

मावशींनी रांगेतून मला शोधलं आणि माझ्याकडे बघितलं. आठवडाभर वाचून मी त्यांना तेच तर समजावलं होतं. पंधरा-वीस माणसं माझ्याकडे वळली. मी हेल्मेटची काच खाली ओढली.

संध्याकाळी तो व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. मावशी 'फोन बंद करा' म्हणतात तिथेच तो संपत होता. माप त्यात नव्हतंच. खाली लोकांनी लिहिलं होतं, मलाही संशय होताच, म्हणून मी दोनशे दहाचं भरतो, ही बाई पहिल्यापासून उद्धट आहे. एकाने तिचं नाव विचारलं. कुणीतरी व्हिडिओ थांबवून पट्टी वाचली आणि लिहिलं, 'संतोष'. त्यावर हसणारे चेहरे.

मी लिहायला घेतलं आणि पुसलं. माप बरोबर होतं असं लिहिलं तर कुणीतरी विचारणार, मग भाव जास्त का? तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ते विचारलंही होतं. मला वाटलं, आधी त्याचं उत्तर तयार हवं. शाळेत आम्हाला तसंच शिकवलं होतं, पूर्ण उत्तर येत असेल तरच हात वर करा. मी दोन दिवस तक्ता करत बसले. एका ठिकाणचे आकडे दुसऱ्या ठिकाणाशी जुळत नव्हते. एकीकडे वाचलं की महापालिकेच्या हद्दीत कर वेगळा असतो, दुसरीकडे वाचलं की तो नियम बदलला. पनवेलला कमी असायला हवं की जास्त, तेच मला कळेना.

तिसऱ्या दिवशी मी तक्ता सोडून दिला आणि एवढंच लिहिलं: 'मी तिथे होते. पाच लिटरचं माप बरोबर आलं. व्हिडिओ त्याआधी संपतो. भाव वेगळा का असतो ते मला माहीत नाही.' तोपर्यंत ग्रुपवर पाण्याची टाकी धुण्याचा विषय सुरू झाला होता. एक अंगठा आला, तोही बाबांचा. या चार ओळी मी पहिल्या पाच मिनिटांत लिहू शकले असते.

पंपावर गेले तर 'संतोष'चा शर्ट एका नव्या मुलीच्या अंगात होता. मी मॅनेजरना मावशींबद्दल विचारलं.

"तिची काहीच चूक नव्हती हो मॅडम. माप तर तुमच्यासमोरच घेतलं ना तिने? पण लोक तिला बघून गाडी समोरच्या पंपावर वळवायला लागले. मालक म्हणाले, काही दिवस नको."

"मग आता कुठे आहेत?"

"मालकांच्या भावाचा पंप आहे, तिकडे लावलंय. पनवेलच्या पुढे."

हे ऐकून हसावं की काय करावं ते मला समजलं नाही.

पुढच्या रविवारी मी स्कूटर घेऊन पनवेलच्या पुढे गेले. जायला-यायला जेवढं पेट्रोल जळणार होतं, त्यापुढे तिथे वाचणारे पैसे म्हणजे काहीच नव्हते. मावशी लांबूनच दिसल्या. शर्ट नवा होता, तसाच ढगळ, पण खिशावर पट्टीच नव्हती. त्यांनी मला हेल्मेटवरून ओळखलं.

"एवढ्या लांब? तिकडचं संपलं काय पेट्रोल?"

मी रस्ताभर पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "मावशी, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"काच खाली केलीस, ते बघितलं मी," त्या म्हणाल्या. रागाने नाही, मीटरवरचा आकडा वाचावा तसं. मग टाकीचं झाकण उघडत म्हणाल्या, "इथं तर वेगळीच तऱ्हा. इथं लोक विचारायलेत, तिकडच्यापेक्षा कमी कामून? भेसळ हाय का?"

"मग काय सांगता?"

"सांगते, सानपाड्याची एक मुलगी शोधायली. सापडलं की कळवते."

मला हसू आलं. मग राहिलेला प्रश्न मी एकदाचा विचारला. "मावशी, तुमचं नाव काय?"

"पंचशीला," त्या म्हणाल्या. "कामून?"

मागे एक बाईकवाला उभा होता. पाटीकडे बघून तो मोठ्याने म्हणाला, "ओ, इकडे स्वस्त कसं काय? पाणीबिणी मारता काय?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं नाही. मी हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते, कान गरम झाले होते. "भाव कमी का आहे ते मला माहीत नाही," मी त्याला म्हटलं. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. "भेसळीचा संशय असेल तर तपासून मागा, पेट्रोलचा थेंब टाकून बघायचा कागद असतो यांच्याकडे. पण यांचं माप बरोबर असतं. मी बघितलंय."

तो खांदे उडवून फोनकडे बघायला लागला. मला वाटलं, झालं, आता टाकीत पेट्रोल पडेल. पण नळी टाकीत तशीच होती. मावशींची बोटं खटक्यावर होती आणि डोळे माझ्यावर. मी अजून मीटरकडे बघितलं नव्हतं.