कोपरापर्यंत हात

नव्वदच्या दशकात वाशीच्या दाणाबाजारात मी दुकानावर होतो, तेव्हा साताऱ्याकडची एक बाई कडधान्य निवडायला यायची. नाव कधी विचारलंच नाही. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून ती ओल बघायची, मग दाणा चावायची. कट् वाजलं की मान हलवायची.

एकदा ती गप्पगप्प होती. विचारलं तर म्हणाली, "आईनं वाळवून दिलेला शेवटचा घेवडा हितल्या खाऱ्या हवेला भिऊन प्लास्टिकात बांधला. आतल्या आत घाम धरला, बुरशी चढली. शेजारीण म्हनली, धुऊन शिजव. पर बुरशीचं इख धुतल्यानं जातंय व्हय? आई गेली, आता घेवडाबी टाकला."

तेवढ्यात तिच्याच भागातला नवा घेवडा उतरला. तिनं हात घातला, दाणा चावला. कट् वाजलं. माल कोरडा होता.

तरी बराच वेळ तिनं हात बाहेर काढला नाही.