कृष्णाबाईच्या ओटीवर

हरेश्वर तसा वाईट माणूस नव्हता हो. पण जिथे बोलायचं तिथे मूग गिळून बसायचं आणि घरी येऊन वाघ व्हायचं, ही त्याची जुनी खोड.

माहुलच्या कोळीवाड्यातला तो पहिला डॉक्टर. आई, कृष्णाबाई, घाटकोपरच्या बाजारात मासळी विकायची. त्यावर तो शिकला आणि उपनगरातल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवायला लागला. तिथे मात्र आपलं घर कुठलं, हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. पहिल्या वर्षाच्या मुलांनी नुसती पुस्तकं घोकू नयेत, वस्तीत यावं, माणसं आजारी कशी पडतात ते घरात बसून बघावं, असं त्याला फार वाटायचं. आईने तर वाड्यातल्या बायकांना सांगूनही टाकलं होतं, "माझ्या हऱ्याची पोरं येनार हायत."

कॉलेजातले जुने प्रमुख म्हणजे जमदग्नी. त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. "सर ऐकतच नाहीत गं," हे कारण आईला द्यायला हरेश्वरला बरीच वर्षं पुरलं. पण शहाऐंशी साली ते रिटायर झाले आणि आल्या मृणालिनीबाई. आवाज मऊ, आणि प्रत्येकाला विचारायची सवय. आता आली का पंचाईत!

अभ्यासक्रम बदलायच्या मीटिंगमध्ये बाईंनीच मुलांना वस्तीत न्यायचा विषय काढला, नावही माहुलचं घेतलं. "हरेश्वर, तुम्हाला काय वाटतं?" तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "मुलांनी डॉक्टर व्हायचं की बोंबील वाळवायचे?" सगळे हसले. आणि हा गाढव, हाही हसला! वर म्हणाला, "प्रॅक्टिकल नाही, मॅडम. तिथले लोक सहकार्य करणार नाहीत."

घरी आईने विचारलं, "कवा येतात रे पोरं?"

"नवीन मॅडम नाही म्हणाल्या. मी सांगून थकलो."

आईने त्या मॅडमचा यथेच्छ उद्धार केला. त्याने तो निमूट ऐकून घेतला.

रविवारी ओटीवर आवाज आला म्हणून तो दारात आला, तर समोर मृणालिनीबाई! लोक तयार नाहीत म्हणतात, तर लोकांनाच विचारावं म्हणून त्या आल्या होत्या, आणि वाड्यात ज्याने त्याने त्यांना कृष्णाबाईकडे धाडलं होतं. कॉलेजचं नाव ऐकताच कृष्णाबाईने पदर खोचला.

"तुमीच काय त्या? माझा हऱ्या सांगून थकला, नि तुमी नाय म्हनलात? आमच्या घरात बसायची लाज वाटते तुमच्या पोरांना?"

बाईंनी दारातल्या हरेश्वरकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली. आता सगळं बाहेर पडणार, आणि तेही आईसमोर.

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "म्हणून आज विचारायला आलेय. पाठवू का मुलं?"

कृष्णाबाई विरघळली. "बसा, बाय. हऱ्या, पाट आन रे!"

तो आत गेला. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाहेर आई सांगत होती, "राग नका मानू. माझा हऱ्या कधी खोटं बोलत नाय ना, म्हनून तापले तुमच्यावर."

आईने पुन्हा हाक मारली, तरी हरेश्वर पाट धरून आतच उभा होता.