चार वाट्या श्रीखंड आणि माझी खोटी साक्ष

रक्तात साखर निघाल्यापासून मला गोड बंद. बंद म्हणजे सुनेच्या देखत बंद. चौक गावाला लागून असलेल्या आमच्या खेड्यात पुतण्याची वास्तुशांत होती आणि सून कामावर गेलेली, म्हणजे मैदान मोकळं. श्रीखंडावर मी असा हात मारला की वाढणारा बिचारा दोनदा वळून बघून गेला.

संध्याकाळी पंगतीतली निम्मी माणसं ओकायला लागली. त्यात मी आघाडीवर.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातली ताई कागद घेऊन दारात हजर. कोण काय जेवलं, कुणाला काय झालं, घरोघर विचारत होती. सून शेजारीच उभी. मी म्हणाले, "मी बाई नुसता वरणभात खाल्ला." आवाज इतका सात्त्विक लावला की माझं मलाच पटलं.

तिसऱ्या दिवशी ताई परत आली. "आजी, आजारी पडलेल्या सगळ्यांनी श्रीखंड खाल्लंय. ज्यांनी नाही खाल्लं, ते ठणठणीत. एकट्या तुम्ही वरणभातावर आजारी! मग वरणभाताला मी निर्दोष कसं म्हणू?"

आता श्रीखंड बाहेरून डब्यांत आलेलं, दुपारपर्यंत मांडवात तापत पडलेलं. पण वरणभात रांधला होता आमच्या आळीतल्या आचारीणबाईनं. शेजारच्या लोधिवली गावातल्या एका साखरपुड्याचा स्वयंपाक तिच्याकडे होता आणि ही बोंब ऐकून ती माणसं दुसरी बाई शोधायला लागली होती. तिचं घर चालतं ते याच कामावर.

"नीट आठवून बघा," ताई म्हणाली.

आठवायचं काय, वेलदोड्याची चव अजून जिभेवर होती! सुनेकडे न बघता म्हणाले, "श्रीखंड जरा चाखलं होतं."

"जरा म्हणजे?" हे सुनेनं विचारलं.

"एक वाटी." ताईचं पेन हलेना. "बरं, तीन. आणि उठता उठता एक."

ताईनं कागदावर दुरुस्ती केली. लोधिवलीला फोन सुनेनंच लावला आणि माझ्या वाट्यांचा आकडा अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा सांगितला.

संध्याकाळी आचारीणबाई आली. "काकी, आधी का नाय सांगितलंस गं? दोन दिस घास उतरला नाय माझ्या घशाखाली."

मला मान वर करवेना. "काम राहिलं ना तुझ्याकडं?"

"राहिलं. पण त्यांना अजून खरं वाटत नाय. ईचारत व्हते, या वयात बाईनं खरंच चार वाट्या खाल्ल्या?"

"सांग त्यांना," मी म्हणाले, "खरंच खाल्ल्या."