इवायाला नारळ

नातीची सोयरीक मी मोडली. हात न लावता, नुसतं तोंडानं.

तसं मह्या तोंडानं आजवर कोणाचं वाईट झालं न्हाई. मालक अर्ध्या वाटंत सोडून गेले, कापूस येचून लेकरं मोठी केली, दुष्काळात खडी फोडली, पण रडले न्हाई. रडायला येळ लागतो अन् तेवढ्यात मुकादम खाडा मांडायचा. अशा बाईला एका मोबाईलनं रडवलं.

नात पूनमनं मह्या मोबाईलमदी एक बोलणारा घालून दिला. आधी मोबाईलात ज्याचा त्याचा धंदा ज्याच्या त्याच्या चौकटीत होता. एकात गॅस, एकात गाडीचं तिकीट, एकात किराणा, एकात लगनाची स्थळं. ह्यो आला अन् एकेकाला गिळत सुटला. नवी सून कशी येते, गोड बोलते, अन् म्हैनाभरात किल्ल्या तिच्या कमरंला, तसं. (मह्या सुनंला हे वाचून दाखवू नका.)

"आज्जे, आता दुसरं काही उघडायचं न्हाई. जे पाह्यजे ते ह्याला सांगायचं."

"सगळं?"

"सगळं. फोन, मेसेज, सामान, मंडप. ह्यो बराबर करतो."

मी त्याचं नाव कारभारी ठेवलं. पह्यल्या कारभाऱ्यानं जन्मात महा शब्द ऐकला न्हाई. ह्यो लगेच ऐकायचा. तिथंच घात झाला.

पूनमची सोयरीक जाफराबादकडच्या पोराशी जमली होती. कितीक पोरांला नाकं मुरडून झाल्यावर तिला ह्योच पसंत पडला, म्हून मंडपवाला अन् स्वयपाकी आधीच बोलून ठेवल्ते. नवरदेवाचा बाप सखारामराव, आमचे होणारे इवाई, रविवारी तारीख काढायला येणार होते. आमच्याकडं इवाई उठून निघाला की त्याला टॉवेल, टोपी अन् नारळ देतात. न्हाई दिला तर पुढच्या पिढीपस्तोर ऐकावं लागतं. म्हून मी आदल्या दिवशीच कारभाऱ्याला बोलले,

"इवायाला नारळ द्यायचाय. ध्यान ठेव."

"नक्की का?" त्यानं इचारलं.

"नक्की म्हंजे? द्यायचाच. पण मानानं बरं का."

"मानानं कळवतो. मंडपवाल्याला आणि स्वयंपाक्यालाही कळवू का?"

"त्याहीला बी एकेक देऊन टाक. कष्टाची माणसं हायेत."

"मग पूनमसाठी दुसरं स्थळ बघू का?"

मला तर भरून आलं. आमचं अंगण लगनाला लहान, हे न सांगता ह्याच्या ध्यानात आल्तं. "बघ बाबा," मी म्हणलं. "सावली पाह्यजे, पाण्याची सोय पाह्यजे, अन् चार गाड्या उभ्या राह्यल्या पाह्यजेत."

रविवारी पुरण शिजलं, इवाई आले न्हाईत. फोन लावला तर त्याहीनं कापला. दुपारी महा लेक दिनकर, पूनमचा बाप, एमआयडीसीतून टेम्पो घेऊन आला.

"माय, मंडपवाला रस्त्यात भेटला. म्हणला, आमचं काय चुकलं?"

"कशाचं चुकलं?"

"तू त्याला नारळ दिला म्हणं."

"दिला. इवायाला बी दिला असंल. मानानं द्यायला सांगितल्ता."

दिनकर मटकन टेम्पोच्या पायरीवरच बसला. पूनमनं मोबाईल वढला अन् मोठ्यानं वाचला: 'आदरणीय सखारामराव, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. यापुढे आपली आवश्यकता नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' खाली फुलांचा गुच्छ.

आता नारळ देणं म्हंजे हाकलणं, हे मला ठाऊक न्हाई का? एमआयडीसीत कोणाला ना कोणाला मिळतच राह्यतो. पण इवायाला काहून कोण हाकलंल? एवढा शिकलेला कारभारी, त्याला म्हण ठाऊक, रीत ठाऊक न्हाई.

"आज्जे, महं लगन मोडलंस तू," पूनम म्हणली अन् भिताडाकडं तोंड करून बसली. मी चहा ठेवला, तिनं कप सरकवला. तवा मह्या डोळ्यातून पाणी आलं. खडी फोडताना न्हाई आलं, तवा आलं.

"मी कोणत्या तोंडानं जाऊ तिथं?" दिनकर बोलला.

"तुहं राहू दे. ज्या तोंडानं मोडलं तेच नेते," मी म्हणलं. नारळ पदरात घेतला अन् जाफराबादच्या काळीपिवळी जीपमदी घुसले.

सखारामराव ओट्यावर बसल्ते. मह्या हातात नारळ बघून उभेच राह्यले.

"मेसेजनं भागलं न्हाई का मावशी? हातात द्यायला आल्या?"

मी नारळ पाठीमागं लपिवला अन् एका दमात सगळं सांगितलं. ते हसले न्हाईत. खिशातून मोबाईल काढला.

"आमच्या घरात बी हेच बेणं हाय," ते बोलले. "काल तुमचा मेसेज आला, अन् आज सकाळी ह्यानंच आमच्या पोराला नवं स्थळ दाखिवलं. बघा."

फोटूत आमची पूनम.

"खाली काय लिव्हलंय ऐका. अपेक्षा: सावली असावी, पाण्याची सोय असावी, चार गाड्या उभ्या राहतील एवढी जागा असावी." त्याहीनं मान वर केली. "दारात चिंच हाय. बोरला पाणी हाय. गाड्यायचं तुमीच बघा."

मंग हसले. असे हसले का आतून इहीणबाई पाणी घेऊन पळत आल्या. तारीख तिथंच ओट्यावर निघाली.

निघताना मी नारळ म्होरं केला. "आता देऊ का?"

"द्या," इवाई बोलले, "फकस्त तोंडानं काही बोलू नका."

घरी आले, सगळं सांगितलं. पूनमनं आधी चहा केला, मंग मोबाईल मह्या हातातून काढून घेतला.

"आज्जे, लगन होईस्तोर तू ह्याला हात लावायचा न्हाई."

"अन् त्या कारभाऱ्याला काही शिक्षा?"

"त्याला कसं काढता? मंडप, स्वयपाक, सगळं परत त्यालाच सांगायचंय."

बघा. चूक दोघायची, पण तो अजून कामावर हाय. पूनमनं मानापानातला एक नारळ उचलून मह्या पदरात टाकला. मी त्याची चटणी केली. तोंड बंद ठेवायचं म्हणल्यावर त्यात काही तरी पाह्यजे का न्हाई?