कारफ्रे, मुक्काम बालाघाट

जायचं ठरलं ते काकांच्या एका फोनमुळे. "माया, आपल्या आडनावाचं तुले सारं माहीत हाये ना? मंग रविवारी ये. शीतलले पाहाले वारासिवनीचे लोक येऊन राह्यले, आन् त्यायले नावाचीच अडचण हाये." शीतल ही काकांची मुलगी.

आमचं आडनाव कारफ्रे. नाव स्कॉटलंडचं, आम्ही बौद्ध, घरातली बोली विदर्भाची. बँकेत, दवाखान्यात, कुठेही नाव सांगितलं की समोरचा आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहतो आणि मग विचारतो, "म्हणजे मूळचे कुठले?" हा प्रश्न कशासाठी असतो ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी "नागपूर" म्हणते आणि थांबते.

ज्यांना या बाजूला यायचं असेल त्यांनी हिवाळ्यात यावं. नागपूर ते गोंदिया गाड्या भरपूर आहेत, गोंदियाहून बालाघाटला पॅसेंजर मिळते. तिकीट इतकं कमी की त्याहून जास्त स्टेशनवरच्या चहा-आलुबोंड्यावर जातं. तुमसर-वारासिवनीवरून बसही येते. पण ती सोडली आणि रेल्वेत खिडकीची जागा धरली, याचा मला आनंद झाला. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खुंटं, मधे तळी, आणि बालाघाट जवळ आलं की हिंदी पाट्या.

गाडीत मी माझी माहिती पुन्हा वाचली. कारफ्रे हे मुळात गावाचं नाव. स्कॉटलंडच्या आग्नेय कोपऱ्यात, इंग्लंडच्या सीमेकडच्या डोंगराळ भागात ते आहे. तिथे इंग्रजी पोचण्याआधी जी जुनी भाषा होती, तिच्यात पहिल्या अर्ध्याचा अर्थ किल्ला आणि दुसऱ्याचा टेकडी, असं जाणकार सांगतात. गडाची टेकडी. त्या गावचे लोक बाहेर पडले तेव्हा गावाचं नाव लावू लागले, आपल्याकडचे गडकर-डोंगरकर लावतात तसं. आजही हे नाव दुर्मिळ आहे: थोडी घरं स्कॉटलंडात, थोडी इंग्लंडात, काही कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे गेलेली. आडनावांच्या एका संकेतस्थळावर जगाचा नकाशा आहे. त्यात भारत कोरा आहे. मी तिथल्या माणसाला कळवलं होतं की आम्ही आहोत. त्याने नम्रपणे विचारलं, रक्ताचा काही पुरावा आहे का? नाही, म्हणून मी कळवलं. नकाशा कोराच राहिला.

बालाघाटला पोहे आणि त्यावर चण्याची तर्री खाल्ली, आणि बिरसाकडे जाणारी बस पकडली. कंडक्टरला खाणीचा फाटा सांगून ठेवा, तो विसरत नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोनाच्या घरी?"

"कारफ्रेंच्या."

"हौ, पोरीले पाहाले येऊन राह्यले ना आज. तुमी मोठ्या भावाच्या का? मंग साडी तरी चांगली नेसाची होती."

साडीचं बोलल्या, नावाचं काही नाही. इतक्या वर्षांत हे मला प्रथमच जाणवलं, की आमचं नाव या बसमध्ये अगदी साधं आहे.

गावात शिरताना रस्ता काळा होतो. मँगनीजची धूळ. पणजोबा या खाणीवर कामाला होते, आणि ज्या साहेबाच्या हाताखाली त्यांची टोळी होती त्याचं नाव कारफ्रे. टोळीतल्या माणसांना सगळे 'कारफ्रेवाले' म्हणत. मुलाला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं. जुनं नाव सांगितलं तर मूल वर्गाबाहेर बसणार हे पणजोबांना ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं, कारफ्रे. मास्तर गोंधळले आणि मूल आत बसलं.

हे मी घरात ऐकलं तसं लिहितेय. मला कुठे लिखित काही सापडलेलं नाही. साहेब भला होता असंही आमच्याकडे कुणी म्हणत नाही. त्याने नाव दिलं नव्हतं. पणजोबांनी घेतलं.

जुनं नाव त्यांनी घरातही उच्चारू दिलं नाही. फक्त एका माणसाला ते माहीत असतं, घरातल्या सगळ्यात थोरल्याला. कारण सोयरिक करताना एकाच कुळात लग्न होऊ नये. थोरला समोरच्यांचं कूळ विचारतो, मनात ताडून पाहतो, आणि फक्त जमतं किंवा जमत नाही एवढंच सांगतो. माझे वडील गेल्यावर हे काम काकांकडे आलं.

पाहुणे आले तेव्हा अंगणात सतरंजी टाकली होती. मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलगा आणि शीतल बालाघाटला एकाच संगणक केंद्रात शिकवतात, त्यामुळे पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. चहा झाला आणि मामा मुद्द्यावर आले.

"देखिए भाऊजी, पोरगी पसंत हाये. पर लग्नाच्या कार्डावर हे नाव आलं तर लोक म्हनतीन, किरिस्तावाची पोरगी केली. घर घर जाके किसको समझाऊं मी? तुमचं मूळ नाव टाका, बस. आपण एकाच समाजाचे, आपल्यात काय लपवाचं?"

काका म्हणाले, "मूळ नाव नाही सांगत आमी."

"काहून?"

"ज्यानं सोडलं त्याले इचारा."

"मंग कूळ एकच निघालं तर?"

"नाही निघत. मी पाहून घेतलं."

"आन् आमी तुमच्या शब्दावर राहाचं?"

"हौ."

मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी किल्ला सांगितला, टेकडी सांगितली, दूरदेशी विखुरलेली थोडी घरं सांगितली. सांगताना लाज वाटत होती, कारण यातलं काहीच आमचं नाही. मामांनी शांतपणे ऐकलं. "म्हंजे साहेबाचं रक्त हाये का तुमच्यात?" हो म्हटलं असतं तर कदाचित तिथेच मिटलं असतं, त्यांच्या आवाजात थोडी आशाही होती.

"नाही," मी म्हटलं. "थेंबभरही नाही. नाव आमचं आहे."

मुलाची आई म्हणाली, "नावाले काय चाटाचं हाये का? पोरीले भात येते का ते इचारा."

शीतल दारातून म्हणाली, "भात येते, मावशी. पर कार्डावर कारफ्रेच येईन. नाही येत असन तर मले कार्ड नको."

मुलगा खाली पाहून हसत होता. मामांना ते दिसलं आणि ते आणखी चिडले. कळवतो म्हणाले आणि उठले.

संध्याकाळी काकूने चिन्नौरचा भात आणि बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला. तो सुगंधी तांदूळ इथून नक्की न्या. काका फारसे जेवत नव्हते. पोरीचं लग्न मोडलं तर आयुष्यभर तेच ऐकावं लागेल, हे त्यांना कळत होतं, मलाही. ताट बाजूला सारत ते म्हणाले, "माया, माह्यानंतर घरात थोरली तूच. ते नाव तुले सांगून ठेवतो."

मी वर्षानुवर्षं याचीच वाट पाहत होते. संकेतस्थळं धुंडाळली, ती हेच कळत नव्हतं म्हणून. तरी मी म्हटलं, "नको, काका."

"मंग सोयरिकी कशा पाहशीन?"

"नव्या नावानं. कारफ्रेचं लग्न कारफ्रेशी होणार नाही, झालं."

काका विचारात पडले. "म्हंजे स्कॉटलंडवाल्यायशी बी बंद?"

"बंद."

"त्यायले कळवून टाक मंग," म्हणाले, आणि ताट पुन्हा ओढून भाताला हात घातला.

मी बरोबर केलं का? नागपूरला परतताना गाडीभर हाच विचार होता. एखाद्या पिढीत चूक होऊ शकते, दोन चुलत घरं न कळता जोडली जाऊ शकतात. हा धोका मी इतरांच्या वतीने पत्करला, आणि तसा अधिकार मला होता का, सांगता येत नाही. एवढंच कळतं, की ते नाव मला ठाऊक झालं असतं तर "मूळचे कुठले?" विचारणाऱ्याचं उत्तर माझ्या तोंडात तयार असतं. आता खरोखरच नाही.

आठवड्याने शीतलचा फोन आला. वारासिवनीहून निरोप होता: दोन्हीकडची आडनावं गाळू, नुसती नावं छापू. मुलाची काही हरकत नव्हती.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्या म्हटलं, तुमचं गाळाचं तर गाळा. माह्यं राहीन." ती हसली. "ताई, मंग त्यानंच मामाले सांगतलं, दोन्ही टाका. मामा लग्नात येईन का नाही, ते माहीत नाही."

मामा नाही आले, तर त्यांच्या वाटचा भात मी खाईन.