चार महिने मागे राहिलेली डिस्क

मंडळी, आज पंचवटीतल्या एका तीर्थपुरोहितांचा लिनक्स संगणक उठवला. यजमानांच्या वंशावळी त्यात सॉफ्टवेअर रेड लावून दोन डिस्कवर एकसारख्या ठेवलेल्या. सकाळी एक डिस्क गेली.

दुसरी चार महिन्यांपूर्वीच जोडीतून निसटली होती, तेव्हापासून तिच्यावर नवं काही उतरलंच नव्हतं. इशारा कुणी वाचलाच नव्हता. एकाही क्लासची पायरी न चढता शिकलोय, तरी तिच्या एकटीवर ॲरे, म्हणजे डिस्कची ती जोडी, सुरू केला. एकही फाईल खराब नाही!

गुरुजींनी आधी स्वतःचं घराणं उघडलं. पत्नीच्या नावापुढे मृत्यूची तिथी नव्हती.

"अहो, हिला जाऊन तीन महिने झाले!"

"गुरुजी, चार महिन्यांच्या नोंदी पुन्हा भराव्या लागतील."

त्या संगणकात गुरुजींच्या पत्नी अजून जिवंत होत्या.

गुरुजींनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "हिची तिथी तुम्ही भरा. मी एकदा लिहिलंय."

माझाही हात उचलेना. तुम्ही भरली असती?